हातगिअरची गाडी

आमच्या गावात फौजेतून रजेवर आलेल्या माणसाला चावडीसमोर बसवून चहा पाजायची पद्धत होती. चहा संपेपर्यंत त्यानं बर्फाच्या, सरहद्दीच्या, नाहीतर निदान मेसमधल्या भांडणाच्या गोष्टी सांगायच्या. गाव आष्ट्याजवळचं, उसाचं. एक घर सोडून एका घरात फौजी. मी उजवा पाय गुडघ्याखाली गमावून कायमचा घरी आलो, तेव्हा मलाही बसवलं. नव्वद सालानंतरची एक-दोन वर्षं असतील. कप हातात दिला आणि सगळे गप्प होऊन माझ्या तोंडाकडं बघायला लागले.

"कुठल्या बॉर्डरला?" एका म्हाताऱ्या सुभेदारांनी विचारलं.

"बॉर्डर न्हवती आबा. युनिटातला ट्रक मागं घेत हुते. मी मागं हुबा राहून हात दाखवत हुतो. चिखलात पाय रुतला."

"मग?"

"मी आने दो, आने दो म्हणत हुतो. त्यानं आणला."

मागं कुणीतरी फिसकन हसलं आणि मग खोकल्यासारखं केलं. सुभेदारांनी मान हलवली, पण त्यांची निराशा मला स्पष्ट दिसली. पाय गेल्याचं वाईट त्यांना वाटलंच. त्याहून वाईट वाटलं ते गोष्ट अशी निघाली याचं. आठ दिवसांत गावात माझं नाव 'आने दो' पडलं. तोंडावर कुणी म्हणायचं नाही. पण मी वळून गेलो की पाठीमागं ऐकू यायचं.

पुण्याहून मिळालेला लाकडी पाय चांगला होता. चामड्याच्या पट्ट्यांनी मांडीला बांधायचा. पॅन्ट घातली की चालताना थोडा लंगडतोय एवढंच कळायचं. घरात मी सावकाश का होईना, सगळीकडं जायचो. घराबाहेर मात्र एसटीशिवाय इलाज नव्हता, आणि एसटीची पहिली पायरी माझ्या कमरेला लागायची. मला वर चढवायला दोन माणसं लागायची. एक वरून हात ओढायचा, एक खालून रेटायचा. वर गेलो की कंडक्टर मोठ्यानं ओरडायचा, "उठा रं, जवानाला जागा द्या!" सगळी गाडी वळून बघायची. कुणी म्हातारी जागा द्यायची, आणि बसलो की शेजारचा माणूस तोच प्रश्न विचारायचा. मी खिडकीबाहेर बघत बसायचो. शेवटी मी एसटीनं जाणंच सोडलं. आष्ट्याच्या बाजाराला बायको जायची, बँकेत बायको जायची, आणि मी ओट्यावर बसून रस्ता बघायचो.

गोठ्याच्या मागच्या खणात चुलत्यांची जुनी मोटारसायकल पडलेली होती. त्यांनी ती तरुणपणी लष्कराच्या लिलावात घेतली होती. इंग्रजी बनावटीची, जड, एका सिलिंडरची. चुलते गेल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता. तिच्या सीटवर कोंबडी खुडूक बसायची. एक दिवस कोंबडी उठवून मी ती बायकोच्या मदतीनं अंगणात काढली. इंजिनाचं काम मी फौजेत केलं होतं. मला वाटलं, ही चालू झाली तर मला कुणाचा हात धरून चढायला नको.

अडचण अशी की त्या जातीच्या गाड्यांना ब्रेक डाव्या पायाला असायचा आणि गिअर उजव्या. डावा पाय माझा होता. उजव्या लाकडी पायाला गिअर कुठं आहे हे कळणं शक्य नव्हतं. तेव्हा गिअर हातात आणायचा, असं मी ठरवलं.

विकत काही आणायचं नाही हेही ठरवावं लागलं, कारण घरात पैशाला दुसरी कामं होती. औषध फवारायचा एक मोडका पंप होता, त्याचा दांडा मी काढला. आष्ट्यात ट्रॉल्या बनवणाऱ्याकडून तो गिअरच्या मुळाशी वेल्डिंग करून उभा टाकीच्या शेजारी आणला. मागं ओढला की पहिला गिअर, पुढं ढकलला की बाकीचे. दांड्याच्या टोकाला मूठ हवी होती. बायकोनं चुलीपाशी पडलेलं तुटकं लाटणं आणून दिलं. त्याचा बोंडाचा भाग कापून मी बसवला. टाकीला आतून गंज होता. तिच्यात खडी आणि रॉकेल घालून आम्ही ती वाकळेत ठेवली आणि दोन्हीकडनं धरून हलवत बसलो. आई ओसरीवरून म्हणाली, "बारसं घालताय का काय तिचं?" त्या महिन्यात आम्ही तिघंही पहिल्यांदा हसलो ते तेव्हा. सीट बायकोनं शिवली. आत गोधडीच्या घड्या, वर ट्रॅक्टरवाल्याकडनं मागून आणलेलं रेक्झिन. रंग खिडक्यांना दिलेला उरला होता. त्यामुळे गाडी आमच्या खिडक्यांसारखी आकाशी झाली. दुरून बघणाऱ्यालाही कळायचं, कुणाच्या घरची.

मोटारसायकल जुळली, पण सुरू करायची कशी ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. खरं तर आलं होतं, पण मी ते मागं टाकत होतो. किक उजव्या बाजूला होती. मी तीन-चार वेळा लाकडी पायानं मारून बघितली. पाऊल सटकायचं आणि सगळा भार गुडघ्याखालच्या उरलेल्या खुंटावर यायचा. पाय काढून बघितला तर मोजा लाल झाला होता.

बायको बघत उभी होती. तिचं माहेर कवठे महांकाळकडचं, कोरडवाहू; लहानपणापासून लांबनं पाणी आणलेली. पायात जोर. ती म्हणाली, "सरका."

"तुला न्हाई जमायचं."

"आधी सरका तर."

मी तिला सांगितलं, ही बारकी दांडी दाबून किक हळू खाली घ्यायची, करंटच्या मीटरचा काटा मधोमध आला की दांडी सोडायची, किक वर येऊ द्यायची, आणि मग सगळा जीव घालून मारायची. तिनं पदर खोचला, निऱ्या मागं ओढून घेतल्या आणि मारली. दुसऱ्याच किकला गाडी बोलली. गोठ्यातली म्हैस दावं तोडून पळाली. बायको म्हशीमागं पळाली. मी एकटाच त्या आवाजापाशी उभा राहिलो. आनंद झालाच. पण त्याच घटकेला मनात आलं, हे रोज हिनंच करायचं? बाजारात? लोकांसमोर?

पहिली फेरी उसाच्या वाटेनं मारली, गावाकडं पाठ करून. पायाला फूटरेस्ट कळत नसल्यानं पाऊल निसटू नये म्हणून मी बैलाच्या जुन्या पट्ट्यानं ते फूटरेस्टला बांधलं होतं. क्लच डाव्या हातात, आणि गिअर टाकायला उजवा हात ॲक्सिलेटरवरून काढायचा. तेवढ्यात गाडी धापा टाकायची. पहिला, दुसरा, तिसरा. वारं तोंडावर आलं. ओढ्याच्या वळणावर ऊस तोडणाऱ्यांची टोळी होती. त्यांना बघून मी जरा ताठ बसलो, आणि नेमकी तिथंच वाळूत गाडी घसरली.

मी डावीकडं पडलो. गाडी बांधाला टेकून थोडी उभीच राहिली, आणि माझा पाय, बुटासकट, फूटरेस्टला बांधलेला, तिच्याबरोबर तिथंच राहिला. पट्ट्या तुटल्या होत्या. तोडणीतली एक बाई कोयता टाकून किंचाळली, "आगं आई! पाय तुटला त्याचा! पाय निघाला!" सगळी टोळी धावत आली. एकानं माझ्या मांडीला मुंडासं आवळलं. मी सांगत होतो, अहो लाकडी हाय, लाकडी हाय. पण त्या गोंधळात कुणी ऐकेना. मग एकानं धीर करून गाडीवरच्या पायाला बोट लावून बघितलं. टकटक वाजलं. मग ती किंचाळलेली बाई उसाच्या मोळीवर बसली आणि हसायलाच लागली. भीतीनं हसत होती, मला कळत होतं. डोळ्यांत तिच्या पाणी होतं. तरी मी तिच्याकडं बघू शकलो नाही. त्यांनीच पाय सोडवून माझ्या मांडीवर आणून ठेवला, लहान मूल ठेवावं तसा.

त्यानंतर पट्टा काढून टाकला. फुटक्या घमेल्याच्या पत्र्याचा कप करून फूटरेस्टवर बसवला. पाऊल त्यात बसायचं आणि पडलो तर सुटायचं. हळूहळू हात बसला. मी आष्ट्याला जायला लागलो, बायकोला मागं घेऊन. पण गाडी बंद करायचं माझ्या जिवावर यायचं, कारण सुरू करायची वेळ येणारच. मग मी उतार शोधायला शिकलो. उतारावर लावली की बसायचं, दुसरा गिअर टाकायचा, क्लच धरून सोडून द्यायची, गाडी धावली की क्लच सोडायचा. आष्ट्यातले सगळे उतार मला पाठ झाले. बँकेपासून लांब, शाळेच्या कुंपणाला एक उतार होता, तिथं लावून मी बँकेपर्यंत चालायचो. खुंट दुखायचा, पण ते परवडायचं. बायको म्हणायची, "दारात लावा की. मी मारती किक." मी म्हणायचो, "तिथं सावली न्हाई."

तिला त्यात काही कसं वाटत नाही, हे मला कळत नव्हतं. बाजारातल्या बायका तिला विचारायच्या, कशी गं मारतीस, आणि ती दाखवायची सुद्धा. मीच होतो बाजूला उभा, हातात पिशव्या घेऊन, दुकानाच्या पाट्या वाचत.

माझी धाकटी बहीण शिराळ्याला दिली होती. नागपंचमीला तिच्याकडं जायचं ठरलं. शिराळ्याला पंचमीची केवढी गर्दी असते हे मला माहीत होतं, पण तो भाग चढउताराचा म्हणून मी निर्धास्त होतो. गावाबाहेर छान घसरण बघून गाडी लावली. बहिणीकडं जेवलो. दाजी, म्हणजे तिचा नवरा, आम्हाला मिरवणूक दाखवायला घेऊन गेले. परत आलो तर गाडी जागेवर नाही. बंदोबस्तवाल्यांनी रस्ता मोकळा करायला सगळ्या गाड्या उचलून एका सपाट मैदानात ओळीनं लावल्या होत्या. चारी बाजूंनी माणूस.

दाजी सोबत होते, त्यांचे दोन-तीन मित्रही होते. मी खिशात किल्ली चाचपत राहिलो. बायकोनं माझ्याकडं बघितलं आणि पदर खोचला.

त्या दिवशी गाडीही चढेल निघाली. उन्हात तापली होती. एक किक, दोन किका, पाच, सात. लोक थांबायला लागले. ट्रॉलीवर मडक्यातले नाग घेऊन चाललेली पोरंसुद्धा माना वळवून बघत होती. कुणीतरी ओरडलं, "मार वैनी, मार!" मग दुसरा, मग दहा जण. प्रत्येक किकला हुर्रे व्हायला लागलं. बायकोचा अंबाडा सुटला, कपाळावरचं कुंकू घामानं ओघळलं. मी गाडीवर बसलेलो, दोन्ही हातांनी हँडल धरून, धडधाकट दिसणारा गडी. पॅन्टच्या आत काय आहे ते त्यांना कुठं माहीत! "आरं, तू का बसलायस वर? उतर की, बाईला दमवतोस व्हय!" असं एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, "सायब हाय त्यो." हशा झाला. मला वाटलं पॅन्ट वर करून दाखवावी. आणि वाटलं, मरून गेलो तरी दाखवू नये. दाजींकडं बघितलं, तर ते मित्रांपासून चार पावलं लांब जाऊन पानाच्या गाडीवर उभे होते.

गाडी सुरू झाली तेव्हा टाळ्या पडल्या. बायको हसत मागं बसली. शिराळा मागं पडेपर्यंत मी नुसती गाडी पळवत राहिलो. ती म्हणाली, "काय झालं? दुखतंय का?" मी व्हय म्हणालो.

महिनाभरानं बहीण माहेरी आली. निघताना ओट्यावर माझ्या शेजारी बसली. बराच वेळ पिशवीचा बंद पिळत होती.

"दादा, पुढच्या येळंला एष्टीनं या."

"दाजी म्हणालं?"

"तेस्नी मैतर चिडवत्यात रं. मेव्हण्याची बायको गाडी चालू करती म्हून." मग घाईनं म्हणाली, "मला कायबी वाटत न्हाई. मी आपलं सांगितलं."

पण तिच्या तोंडावरून मला कळलं, तिलाही वाटत होतं. मी बरं म्हणालो. पुढची पंचमी आली आणि गेली, शिराळ्याला मी गेलो नाही.

किक स्वतःच मारायची, असं मग मी मनाशी धरलं. गाडी स्टँडवर घ्यायची, किकच्या दांड्यावर लांब पाइप चढवायचा आणि दोन्ही हातांचा जोर देऊन खाली दाबायचा. विहिरीवर पडलेला पाइपचा तुकडा बरोबर बसला. बायको शेतावर गेली की मी सराव करायचो. चार-पाच वेळा गाडी सुरूही झाली. बायकोला सांगितलं नाही. एकदम बाजारातच दाखवायचं होतं. मग एका दुपारी ती येताना दिसली, आणि ती पोचायच्या आत गाडी सुरू व्हावी म्हणून घाई केली. काटा मध्ये आलाय की नाही ते बघितलंच नाही. इंजिनानं उलटी लाथ घातली. पाइप वर उसळला आणि माझ्या उजव्या मनगटावर बसला. मनगट डोळ्यांदेखत वाकडं झालं.

बायकोनं आल्या आल्या पाइप बघितला, हात बघितला. घरातून फडकं आणून मनगट एका लाकडी पट्टीला बांधलं. एसटी दोन तासांनी होती, आणि माणसं भरून नेणाऱ्या वडापच्या जीपा सगळ्या एका लग्नाला गेल्या होत्या. ती म्हणाली, "चला. सांगलीला."

"कशानं?"

तिनं गाडी स्टँडवरून उतरवली. अंगणात, गल्लीत गाडी इकडची तिकडं करताना ती गिअर टाकायला कधीच शिकली होती. मी बघितलं होतं आणि बघितलं नाही असं केलं होतं. तिनं काटा बघितला, किक मारली, पहिल्या फटक्यात. आई ओसरीवर उभी होती. मला वाटलं, आता आई तरी अडवील. आई म्हणाली, "पदर नीट खोच. चाकात जाईल."

मी मागं बसलो. बांधलेला हात छातीशी, डावा हात कुठं ठेवावा कळेना. शेवटी तिच्या खांद्यावर ठेवला. गावातून निघालो तेव्हा चावडीपुढं माणसं होती. रस्ता आष्ट्यातनं जाणारा, आणि नेमका आष्ट्याचा बाजार भरलेला. मी टॉवेल डोक्यावरून घेऊन मान खाली घातली. तिनं रबरी भोंगा वाजवला. भाजीवाल्या उठून उभ्या राहिल्या. कुणी काय बोललं मी ऐकलं नाही, ऐकायचंच नव्हतं. हात ठणकत होता, तरी मला त्याचं बरंच वाटत होतं. निदान तोंड वाकडं करायला कारण होतं. सांगलीला पोचेपर्यंत तिनं एकदाही गाडी बंद पडू दिली नाही. माझ्यापेक्षा गिअर मऊ टाकत होती. हेही मी तिला सांगितलं नाही.

प्लास्टर झालं. दवाखान्यात दुसऱ्या दिवशी बहीण आणि दाजी आले. दाजींनी खाली मान घालून मोसंबी सोलली, एक एक फोड काढून माझ्या डाव्या हातात दिली. पंचमीचा विषय कुणी काढला नाही. जाताना ते बायकोला म्हणाले, "वैनी, लय लांबनं चालवत आणली की तुमी." आणि लगेच जिना उतरून गेले.

हात बरा व्हायच्या आधीच एक अनोळखी माणूस घरी आला. बकऱ्यांच्या टेम्पोतून उतरला, दोन कुबड्यांवर. लहानपणीच्या पोलिओनं त्याचे दोन्ही पाय वाळलेले होते. कवठे महांकाळचा, शेळ्यामेंढ्यांचा व्यापारी. खणखणीत आवाज. ओट्यावर न चढता खालूनच म्हणाला, "गिअर हातात आनलेला फौजी ह्योच का?"

मी बसा म्हणालो. तो बायकोला म्हणाला, "ताई, आष्ट्याच्या बाजारात मी तुमास्नी बघितलं. बाई गाडी चालवतीया आणि मागं एक जण डोसक्यावर टॉवेल घिऊन बसलाय. मला वाटलं, पोलिसबाईनं चोर धरून चालवलाय!"

बायको हसली. मी हसलो नाही. त्याला त्याचं काही नव्हतं. टेम्पोत बकऱ्यांच्या शेजारी त्यानं एक भंगारातली मोटारसायकल घालून आणली होती. म्हणाला, "हिचं बी तसंच करा. गिअर हातात, ब्रेक हातात, आणि मागं दोन बारकी चाकं, म्हंजे पडाय नगं."

"आणि किक?" मी विचारलं.

"किक काय? रस्त्यावर मानसं कमी हैत व्हय?"

माझा हात प्लास्टरमध्ये, म्हणून मी सांगत गेलो आणि बायको पान्हे फिरवत गेली. बाजूची चाकं उसाच्या रसाच्या एका मोडक्या हातगाड्याची मिळाली. ब्रेकसाठी सायकलची वायर वापरली. तो मधूनमधून यायचा, कधी बकऱ्यांसकट, आणि आमच्या ओट्यावर बसून मोठमोठ्यानं बोलायचा. मला तो आवडायचा आणि नकोसाही वाटायचा. एकदा मी त्याला विचारलं, लोकांना सारखं सारखं सांगायला काही वाटत नाही का?

तो विचारात पडला. खरंच कधी विचार केला नसावा. "माजं पाय हुतं कवा? तुमचा हुता, म्हून तुमाला त्यो गेल्यागत वाटतंय," तो म्हणाला. "मला तर लहानपनी शाळेला बी गावातली मानसं पाठीवर घिऊन जायाची. रोज येगळा मानूस. समद्या गावाच्या पाठी मला ठावं हैत."

गाडी तयार झाली त्या दिवशी तो वर बसला, कुबड्या मागं बांधल्या, आणि आमच्या गल्लीतून डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन जाणाऱ्या माणसाला हाक मारली, "ए गड्या! भारा ठेव तितं. हिकडं ये. किक मार." त्या माणसानं भारा ठेवला. काटा, दांडी, सगळं व्यापाऱ्यानं त्याला ऐटीत सांगितलं. तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. वैरणवाल्याचं तोंड असं फुललं होतं, जणू इंजिन त्यानंच बांधलं. व्यापारी हात हलवत गेला. मी बघत राहिलो. आमच्याच गल्लीतला माणूस तो. इतकी वर्षं माझ्या दारावरून जातोय.

हे बघून माझी भीड मोडली, असं सांगायला बरं वाटेल. तसं झालं नाही. हात बरा झाल्यावर मी पुन्हा उतारच शोधत होतो. फरक एवढाच पडला, की लांबच्या रस्त्याला आता बायको पुढं बसायची आणि मी मागं, आणि टॉवेल मी खांद्यावर ठेवायला लागलो होतो. गाव बघून बघून थकलं. नवा विषय मिळाला की लोक जुना सोडतात.

मग एकदा सांगलीला मला एकट्याला जावं लागलं, आई आजारी होती म्हणून. लाकडी पायाचा पट्टा बदलायचा होता; तेवढा वेळ मी गाडी दुकानाबाहेर चालूच ठेवली. येताना हळदीच्या बाजारापाशी बैलगाडी आडवी आली, आणि गाडी बंद पडली. सांगली सपाट, कृष्णाकाठचं शहर, तळहातासारखं. मी गाडी कडेला घेतली. उन्हात उभा राहिलो. कुणी आपण होऊन विचारील, असं वाटत होतं. कुणी विचारलं नाही. माणूस मोटारसायकलला टेकून उभा आहे, त्यात विचारण्यासारखं काय होतं?

समोर एका अडत दुकानात हमाल पोती उतरवत होते. त्यातला एक पाणी प्यायला बाहेर आला. मी त्याला हाक मारली. आवाज इतका बारीक निघाला की माझा मलाच ऐकू आला नाही. तो आत गेला. मी पुन्हा उभा. तो पुन्हा बाहेर आला तेव्हा मी म्हणालो, "दादा, जरा येता का? किक मारायची हाय. माझा पाय लाकडी हाय." हे शेवटचं मी कधी कुणाला आपण होऊन सांगितलं नव्हतं.

तो आला. डोक्यापासून पायापर्यंत हळदीनं पिवळा, भुवयासुद्धा. माझ्या पायाकडं त्यानं बघितलंही नाही. गिअरच्या दांड्याकडं बघत म्हणाला, "ह्यो कशाचा वो?"

"फवारायच्या पंपाचा."

"आणि वरची मूठ?"

"लाटण्याची."

"आयला!" तो म्हणाला, आणि मूठ धरून दोनदा मागंपुढं करून बघितली. काट्याचं मी सांगितलं तसं त्यानं केलं. चौथ्या किकला गाडी सुरू झाली. मी थांबा म्हणेपर्यंत तो पोत्यांकडं परत गेला होता. आतून त्याला कुणीतरी शिवी घालून बोलावत होतं.

घरी आलो. बायको अंगणात आईचं अंथरूण उन्हात टाकत होती. तिनं सवयीनं गाडी हातात घेतली, गोठ्याकडं ढकलताना थांबली आणि वाकून बघितलं.

"किकवर ही हळद कुणाची?"

"एका हमालाची. सांगलीत बंद पडली हुती."

"त्यानं आपनहून मारली?"

"न्हाई. मी बोलावला."

मला वाटलं आता ती काहीतरी बोलणार, आणि मी मान वळवली. तिनं पदराच्या टोकानं किक पुसायला हात नेला, मग तसाच मागं घेतला.

"जेवलाय का?" तिनं विचारलं.

"न्हाई."

"मग हात धुवा. भाकरी गरम हाय."